पिनकोडपासून चोवीस अंकांपर्यंत: मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे काढायचे

सांगलीचा पिनकोड ४१६४१६ आणि साताऱ्याचा ४१५००१. दोन्ही सहा अंकी, फरक जेमतेम १४१५ चा. पण अवयव पाडायला बसलात तर सांगली दोन मिनिटांत सुटते आणि सातारा चांगलाच दमवतो. मी सांगलीचा, म्हणून सातारकरांनी याचा वेगळा अर्थ काढू नये.

संख्या अवघड आहे की सोपी, हे तिच्या लांबीवर ठरत नाही. ती कशी घडली आहे, तिच्या पोटात कुठले मूळ अवयव आहेत, त्यावर ठरतं. हे पटावं म्हणून आपण एक दांडगी संख्या घेऊ. साताऱ्याचा पिनकोड सलग चार वेळा लिहायचा:

४१५००१४१५००१४१५००१४१५००१

चोवीस अंक. आपल्याकडची एकं, दहं, शतं ही यादी परार्धावर संपते आणि परार्ध म्हणजे अठरावं स्थान, त्यामुळे ही संख्या वाचायला नावंही पुरत नाहीत. तरीही कागद, पेन आणि नववी-दहावीचं गणित एवढ्यावर हिचे सगळे मूळ अवयव काढता येतात. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर सांगली ते सातारा प्रवासात हे काम उरकतं.

आधी साधनाचं बोलू

बरेच जण पहिल्या पायरीआधीच घसरतात, कारण ते संख्या थेट एक्सेलमध्ये टाकतात. एक्सेल पहिले १५ अंकच जपून ठेवतं, पुढचे शून्य करून टाकतं. आपली संख्या तिथे ४१५००१४१५००१४१५००००००००० होते, म्हणजे शेवटी नऊ शून्यं. मग ती दोनने विभाज्य, पाचने विभाज्य, सगळं खोटं उत्तर येतं, आणि सेलमध्ये ती संक्षिप्त घातांक रूपात दिसत असल्यामुळे शंकाही येत नाही. मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवरही फार भरवसा ठेवू नका.

पायथॉन ही संगणकभाषा वापरत असाल तर पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भागाकार दोन तिरक्या रेघांनी (//) करा. एका रेघेने (/) केलात तर उत्तर दशांश रूपात जातं आणि साधारण सोळा अंकांनंतर विश्वास संपतो. लिनक्सवर तर 'फॅक्टर' नावाची आज्ञाच आहे, तिच्यापुढे संख्या लिहिली की अवयव हजर. पण ती आज्ञा शेवटी, पडताळ्यासाठी ठेवा. आधी हाताने.

पहिली पायरी: संख्येकडे नुसतं बघणं

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज: ४+१+५+०+०+१ = ११, असे चार गट, म्हणजे ४४. तीनने भागल्यावर बाकी २, म्हणून ३ बाद. नऊने भागल्यावर बाकी ८. ही बाकी फुकट मिळालेली माहिती आहे: पूर्ण वर्ग संख्येला नऊने भागलं की बाकी ०, १, ४ किंवा ७ यांपैकीच येते. आठ कधीच येत नाही. म्हणजे वर्गमूळ न काढताच कळलं की ही पूर्ण वर्ग नाही. हा ८ कुठेतरी लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरी पायरी: तीन-तीन, दोन-दोन, चार-चार

७, ११ आणि १३ या तिघांसाठी वेगवेगळे नियम पाठ करायची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एक अधिक, एक उणे असं करत जायचं. आपल्या संख्येत गट पडतात ००१, ४१५, ००१, ४१५ असे आठ. बेरीज-वजाबाकी केली की ४ × (१ − ४१५) = −१६५६. सोळाशे छप्पन्नला सातने भागून बाकी ४, अकराने ६, तेराने ५. तिघेही बाद.

हीच रीत सांगलीला लावून पाहा. ४१६४१६ चे गट ४१६ आणि ४१६. वजाबाकी शून्य. म्हणजे ७, ११, १३ तिघांनीही निःशेष भाग जातो, कारण ४१६४१६ = ४१६ × १००१. आता ४१६ = ३२ × १३. झालं:

४१६४१६ = २ चा पाचवा घात × ७ × ११ × १३ चा वर्ग

सांगलीचा पिनकोड एकाच तीन अंकी तुकड्याचा जोड आहे, म्हणून तो लगेच उकलतो. साताऱ्याची चोवीस अंकी संख्याही तुकडा जोडूनच केली आहे, पण तिचा तुकडा सहा अंकी. म्हणून १००१ इथे लागू पडत नाही, वेगळे भाजक लागू पडतात.

दोन-दोन अंकांचे गट करून पाहा: ०१, ५०, ४१, ०१, ५०, ४१… असे बारा. उजवीकडून अधिक-उणे करत गेलं तर १ − ५० + ४१ − १ + ५० − ४१… प्रत्येक आकडा पुढच्या खेपेला उलट्या चिन्हाने येतो आणि सगळं शून्य होतं. दोन-दोनच्या गटांची ही कसोटी १०१ ची आहे. म्हणजे १०१ ने भाग जातो.

चार-चारचे गट: ५००१, ०१४१, ४१५०, ५००१, ०१४१, ४१५०. पुन्हा अधिक-उणे, पुन्हा शून्य. ही कसोटी १०००१ ची, आणि १०००१ = ७३ × १३७. एकही लांब भागाकार न करता तीन मूळ अवयव हातात आले: ७३, १०१, १३७.

तिसरी पायरी: घडण उलगडणं

आता योगायोगावर सोडायचं कशाला? सहा अंकांचा तुकडा चार वेळा लिहिणं म्हणजे त्याला १०००००१ अशा रूपाच्या संख्येने गुणणं, नेमकं सांगायचं तर

४१५००१ × १०००००१०००००१०००००१

हा दुसरा गुणक एकोणीस अंकी आहे. त्याचेही दोन भाग पडतात: १०००००१ × १०००००००००००१. पहिला म्हणजे दहाचा सहावा घात अधिक एक, दुसरा म्हणजे दहाचा बारावा घात अधिक एक. आणि दोघांनाही एकच नित्य समानता लागते, जी आपण शाळेत पाठ केली आणि पुढे कधी वापरली नाही:

अ³ + १ = (अ + १)(अ² − अ + १)

अ = १०० घ्या. १०००००१ = १०१ × ९९०१.
अ = १०००० घ्या. १०००००००००००१ = १०००१ × ९९९९०००१.

१०००१ चे ७३ आणि १३७ वर आलेच आहेत. शिल्लक राहिले तीन: ९९०१, ९९९९०००१ आणि मूळचा ४१५००१. आता खरी मजा आहे.

चौथी पायरी: मूळ आहे याची खात्री

९९०१ मूळ आहे का? साध्या रीतीने वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या पंचवीस आहेत. पण थोडं डोकं चालवलं तर पाचच पुरतात. समजा 'प' ही मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०००००१ लाही भागते. दहाचे घात घेत प ने भागत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा चौथ्या किंवा बाराव्या घातालाच येऊ शकते. चौथ्या घाताला येणं हे फक्त १०१ च्या बाबतीत घडतं, आणि १०१ ने ९९०१ ला भागलं तर बाकी ३ उरते. म्हणून बारावाच घात. फ्रेंच गणिती फर्मा याचं छोटं प्रमेय सांगतं की या १२ ने प − १ ला निःशेष भाग गेला पाहिजे. म्हणजे प ला १२ ने भागल्यावर बाकी १ हवी. शंभरच्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही. ९९०१ मूळ.

९९९९०००१ ला हीच युक्ती २४ च्या पटीत लागते. १०००१ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून ७३ आणि १३७ आधीच बाद. उरतात त्या २४ ने भागल्यावर बाकी १ देणाऱ्या मूळ संख्या: ९७, १९३, २४१, ३१३, ३३७… दहा हजारपर्यंत एकूण मूळ संख्या १२२९ आहेत, त्यांतल्या या साधारण एक-अष्टमांश, म्हणजे दीडशेच्या आसपास. प्रत्येकीसाठी आठ अंकी भागाकार करत बसू नका. आधी १०००० ला तिने भागून बाकी घ्या, तिला अ म्हणा, आणि अ² − अ + १ काढा. ९७ साठी अ = ९, म्हणून ८१ − ९ + १ = ७३, शून्य नाही. १९३ साठी १०००० ची बाकी १५७, म्हणजेच −३६. १२९६ + ३६ + १ = १३३३, त्यात १९३ सहा वेळा जाऊन १७५ उरतात. असं पुढे. दीडशे वेळा हे करणं कंटाळवाणं आहे, ते संगणकाला सांगा. उत्तर एकच: ९९९९०००१ मूळ आहे.

याहून मोठ्या संख्यांसाठी वेगळा मार्ग आहे. संख्या न असेल तर २ चा (न − १) वा घात घेऊन त्याला न ने भागायचं. बाकी १ आली नाही तर न नक्की संयुक्त, अवयव माहीत नसतानाही. आली तर बहुधा मूळ, पण 'बहुधा' विसरू नका: ३४१ = ११ × ३१ हीसुद्धा या परीक्षेत पास होते. म्हणून प्रत्यक्षात मिलर-राबिन ही कडक चाचणी वापरतात. आणि मूळ आहे की नाही हे खात्रीने, आवाक्यातल्या वेळात ठरवता येतं याची सिद्धता २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. संख्या संयुक्त आहे हे कळणं सोपं, तिचे अवयव सापडणं अवघड, या दोन गोष्टींमधल्या दरीवर पुढचं बरंच काही उभं आहे.

पाचवी पायरी: साताऱ्याचा गड

आता ४१५००१. २ पासून एकेका मूळ संख्येने भागत निघालात तर पहिल्या १११ संख्या हात हलवत परत पाठवतात. म्हणून इथे फर्माची रीत.

कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन विषम संख्यांचा गुणाकार असते. त्या दोघींची सरासरी क आणि फरकाचा निम्मा ख घेतला तर गुणाकार क² − ख² होतो. म्हणजे वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेली पूर्ण वर्ग आहे का बघायचं. नसेल तर पुढचा पूर्णांक.

४१५००१ चं वर्गमूळ ६४४ आणि थोडं. घ्या ६४५. शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग तोंडी येतो: ६४ × ६५ = ४१६०, पुढे २५ लावा, ४१६०२५. वजा ४१५००१. उरले १०२४.

१०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच प्रयत्नात!

६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. दोघींना २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, कुठेच भाग जात नाही. म्हणून

४१५००१ = ६१३ × ६७७

जिथे शंभरावर भागाकार लागले असते तिथे एक वजाबाकी पुरली, कारण दोन्ही अवयव एकमेकींच्या जवळ आहेत. खुद्द फर्माने १६४३ च्या सुमारास २०२७६५१२८१ ही संख्या याच रीतीने बारा प्रयत्नांत ४४०२१ × ४६०६१ अशी फोडली होती. पण ही रीत सरसकट लावू नका. मिरजेचा पिनकोड ४१६४१० घ्या. दहा बाजूला काढले की ४१६४१ उरतो, आणि तो मूळ आहे. त्याला फर्माची रीत लावलीत तर २०५ पासून चढत चढत थेट २०८२१ वर पोहोचल्यावर ती सांगेल की अवयव १ आणि ४१६४१. तोवर एसटी पुण्याला पोहोचलेली असेल.

म्हणून क्रम असा ठेवावा असं माझं मत आहे: आधी छोटे भाजक, मग घडण, मग फर्माचे चार-पाच प्रयत्न, आणि तरीही काही उरलं तर पोलार्डची 'ऱ्हो' रीत किंवा लंबवर्तुळी वक्रांची रीत. शेवटच्या दोन्ही पायथॉनच्या 'सिम्पाय' या गणिती संचात किंवा 'पारी-जीपी' या गणिती प्रणालीत तयार मिळतात, हाताने करण्यात अर्थ नाही.

पूर्ण उत्तर आणि त्यातून काय काय निघतं

४१५००१४१५००१४१५००१४१५००१ = ७३ × १०१ × १३७ × ६१३ × ६७७ × ९९०१ × ९९९९०००१

सात मूळ अवयव, प्रत्येक एकेकदाच. त्यामुळे एकूण विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८. आता सांगलीचा पिनकोड चार वेळा लिहिला असता तर? तोच एकोणीस अंकी गुणक, फक्त ४१५००१ च्या जागी ४१६४१६. घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ६ × २ × २ × ३ म्हणजे ७२, गुणिले गुणकातल्या पाच मूळ अवयवांचे ३२. एकूण २३०४ विभाजक. दोन्ही संख्या चोवीस अंकी, पण एकीला १२८ आणि दुसरीला २३०४.

दुसरा गुणधर्म मला जास्त आवडतो. साताऱ्याच्या सातही अवयवांना चारने भागा, प्रत्येक वेळी बाकी १. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच: ६१३ = १७² + १८², ६७७ = २६² + १². आणि अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज होतो, ही रीत ब्रह्मगुप्ताने ६२८ सालच्या ग्रंथात दिली आहे. आकडे घालून बघा:

१७ × २६ + १८ × १ = ४६० आणि १८ × २६ − १७ × १ = ४५१
१७ × २६ − १८ × १ = ४२४ आणि १८ × २६ + १७ × १ = ४८५

४६०² + ४५१² = २११६०० + २०३४०१ = ४१५००१. तसंच ४२४² + ४८५² = १७९७७६ + २३५२२५ = ४१५००१. साताऱ्याचा पिनकोड दोन तऱ्हांनी दोन वर्गांची बेरीज आहे, आणि आपली चोवीस अंकी संख्या तब्बल ६४ तऱ्हांनी. सांगलीला हे एकदाही जमत नाही, कारण तिच्यात ७ आणि ११ एकेकदाच आहेत आणि त्यांना चारने भागल्यावर बाकी ३ उरते. इथे मात्र साताऱ्याने बाजी मारली.

खऱ्या मोठ्या संख्या

बँकेचं संकेतस्थळ उघडताना माहिती गुप्त ठेवणारी जी आरएसए पद्धत पडद्यामागे असू शकते, तिचा पाया, म्हणजे तिची 'किल्ली', ४१५००१ सारखीच संख्या असते: दोन मूळ संख्यांचा गुणाकार, फक्त शेकडो अंकी. अशा संख्यांपैकी २५० अंकी 'आरएसए-२५०' फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, आणि त्यासाठी एका प्रोसेसर-गाभ्याला सुमारे २७०० वर्षं लागतील इतकं काम अनेक संगणकांवर वाटावं लागलं. ६१७ अंकी 'आरएसए-२०४८' अजून शाबूत आहे. किल्ली बनवताना दोन मूळ संख्या फार जवळच्या निवडल्या तर काय होतं ते ६४५ च्या वर्गाने दाखवलंच आहे.

दुसरा धोका मसाविचा. दोन मोठ्या संख्यांत एक जरी मूळ अवयव सामाईक असेल तर युक्लिडची भागाकार-रीत तो अवयव न पाडताच शोधते. आपल्या सातारा आणि सांगलीच्या चोवीस अंकी संख्या घेऊन मसावि काढा: पहिल्याच वजाबाकीला १४१५००१४१५००१४१५००१४१५ येतात, आणि थोड्याच पावलांत तो एकोणीस अंकी गुणक समोर येतो, कारण ४१६४१६ आणि ४१५००१ यांचा आपसातला मसावि १ आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या अशाच मसाविने तपासल्या, आणि हजारो किल्ल्यांत सामाईक मूळ संख्या सापडल्या.

ताळा

उत्तर आलं की लगेच सातही अवयव गुणत बसू नका, आधी ताळा पाहा. नऊचा ताळा: ७३ चा १, १०१ चा २, १३७ चा २, ६१३ चा १, ६७७ चा २, ९९०१ चा १, ९९९९०००१ चा १. गुणाकार ८. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली बाकीही ८.

नऊचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, ६१३ च्या जागी ६३१ लिहिलंत तरी तो जुळेल. म्हणून अकराचाही बघा. बाक्या अनुक्रमे ७, २, ५, ८, ६, १, १. गुणत जाताना अकरा वगळत गेलो की ३, ४, १०, ५ आणि शेवटी ५. मूळ संख्येची बाकी: दुसऱ्या पायरीतले −१६५६, म्हणजे −६, म्हणजे ५. जुळलं.

सरावाला कराड घ्या, ४१५११०. चार वेळा लिहा आणि वरच्याच पायऱ्या करा. एक गंमत सांगून ठेवतो: कराडच्या पिनकोडात १०१ आणि १३७ आधीच आहेत, त्यामुळे चोवीस अंकी संख्येत ते दोघे वर्गात येतात आणि विभाजक १२८ नव्हे, ५७६ निघाले पाहिजेत.